पायाची खबर

धावणारी माणसं दुखण्याबद्दल तासन्‌तास बोलू शकतात. टाच धरली, पोटरीत गोळा आला, नख काळं पडून निघालं, सगळं रंगवून सांगतात. बधिर पायाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. सांगणार तरी काय? दुखण्याला जागा असते, त्याला शिवी घालता येते, चहा पिताना ते चारचौघांना दाखवता येतं. बधिरपणा दाखवायचा कुठून?

साताऱ्यात राहून धावायचं म्हटलं की यवतेश्वरचा घाट चुकत नाही. २०१२पासून इथे हिल हाफ मॅरेथॉन होते, त्यामुळे वर्षभर पहाटे या वळणांवर कुणी ना कुणी धापा टाकत असतंच. चढताना छाती बोलते, उतरताना पाय. उतारावर दर पावलाला बोटं बुटाच्या नाकाडावर आदळतात. ती आदळू नयेत म्हणून वरच्या वळणावर थांबून लोक लेस करकचून आवळतात, आणि खरी गोम तिथेच असते. घोट्याच्या पुढून पावलाच्या पाठीवर एक नस उतरते. कातडीपुरतं तिचं राज्य अगदी लहान: अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधली बेचकी, हवाई चपलेचा पट्टा बसतो तेवढीच. लेसची गाठ तिच्यावर बसली की नेमकी तेवढीच जागा गप्प होते.

तिसऱ्या-चौथ्या बोटांमधला प्रकार याहून खट्याळ. पुढून अरुंद असलेल्या बुटात तिथली नस वर्षानुवर्षं चेपली जाते आणि तिच्याभोवती जाडसर आवरण धरतं. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद थॉमस मॉर्टन यांनी १८७६ साली या दुखण्याचं वर्णन केलं आणि ते त्यांच्याच नावावर राहिलं. ते झालेला माणूस ओळखू येतो. तो मध्येच कठड्यावर टेकतो, बूट काढून उलटा करतो, झटकतो, मोज्याची सुरकुती सरळ करतो, पुन्हा झटकतो. पायाखाली खडा टोचतोय अशी त्याची खात्री असते. खडा पडत नाही, कारण तो नसतोच.

बाकी कारणं किती तरी: कमरेतून निघालेली नस, आतल्या घोट्यामागचा अरुंद बोळ, पोटरीचे स्नायू फुगून आवरणात न मावणं. बूट काढल्यावरही पाय जागा होत नसेल किंवा पाऊल फटफट आपटायला लागलं असेल, तर लेसशी खेळत बसू नये, डॉक्टर गाठावा. बहुतेकांच्या बाबतीत मात्र दोष बुटाचा असतो. लांब धावताना पाय सुजतो, बूट सुजत नाही. म्हणून जुनी खोडं संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना बूट घ्यायला जातात आणि अर्धा नंबर मोठाच घेतात.

मला कुतूहल आहे ते त्या गप्प झालेल्या मिनिटांचं. पावलापासून कण्यापर्यंत जेमतेम मीटरभर अंतर. स्पर्शाची खबर सेकंदाला साधारण पन्नास मीटर वेगाने धावते, म्हणजे आपल्यापैकी कुणाहीपेक्षा कितीतरी जोरात. नस दाबली की तिचा रक्तपुरवठा घटतो आणि खबर वाटेतच अडते. आधी जातो हलका स्पर्श आणि पाऊल नेमकं कुठे आहे याची जाण. वेदना बरीच नंतर. दाब सुटला की रक्त परततं, आणि उपाशी राहिलेले तंतू कुणी स्पर्श केलेला नसतानाच वाटेल ते ओरडू लागतात. त्याच त्या मुंग्या. मध्यंतरी पाऊल पडल्याचं कळतं ते कानाला. धुक्यात, ओल्या डांबरावर आपल्याच बुटाचा थप्प आवाज ऐकून खात्री करायची की हो, पाय टेकला. आणि याच अवस्थेत काहीजण खूश असतात! ‘बरं झालं, आता काही लागत नाही,’ म्हणत वेग वाढवतात. दुखणं मोजायचं नाही, हे धावणाऱ्यांचं ब्रीद मला कधीच फारसं पटलेलं नाही. या बाबतीत तर मुळीच नाही.

कारण दुखणारा पाय काम करत असतो. हे नीट पाहिलं ते पॉल ब्रँड यांनी. १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले हे शल्यविशारद पुढे वेल्लोरला कुष्ठरुग्णांचे हातपाय दुरुस्त करत राहिले. रोगामुळे बोटं आपोआप झडतात, असा समज होता. ब्रँड यांनी दाखवलं की रोग मुख्यतः संवेदना नेतो, नासाडी होते ती नंतर, न कळलेल्या जखमांनी. धडधाकट माणूस लांब चालला की नकळत चाल बदलतो. टाच हुळहुळली की भार थोडा बाहेरच्या कडेवर टाकतो, पाऊल जरा आखूड करतो. बधिर पाय पहिल्या मैलाला जसा पडतो तसाच शेवटच्या मैलालाही, त्याच जागेवर, फुटेपर्यंत. अशा पायांसाठी मऊ सच्छिद्र रबराच्या चपला आल्या. आपल्याकडच्या कुष्ठसेवेत ‘एमसीआर चप्पल’ म्हणतात त्या याच. हजारो रुपयांच्या बुटाखालचा फेसाळ थर आणि ही साधी चप्पल, दोन्हींचं काम एकच: दाब एका जागी साचू न देणं.

आमच्या पहाटेच्या घोळक्यात एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. धावत नाहीत, घाटाच्या पायथ्यापर्यंत चालतात. मधुमेह जुना. मागे डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावून तळव्याला नायलॉनचा धागा टेकवला. दहा ग्रॅमचा भार आला की वाकणारा. ‘लागलं की सांगा’ म्हणाले. काका वाट बघत राहिले, आणि डोळे उघडले तेव्हा तपासणी संपलेली होती. तेव्हापासून रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघायचे, अनवाणी अंगणातही जायचं नाही.

परवा मी पारावर बसून मोजा काढला. टाचेवर चांगला रुपयाएवढा फोड. काका वाकून बघत राहिले.

“ठणकतंय का गं?”

“लई, काका.”

“मग बरंय,” म्हणाले, आणि बाकीच्यांना चहा सांगायला निघून गेले.