पाण्यावरचे लोखंडी गाव

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावाहून समुद्र गाठायचा म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडणे आले. हळदीची शेते मागे टाकीत हिंगोलीला यावे, पूर्णेला गाडी बदलावी नि मुंबईस उतरावे. जुहूहून हेलिकॉप्टरने आणखी सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला गेले, की पाण्यात पाय रोवून उभे असलेले एक लोखंडी गाव दिसते. हे मुंबई हाय. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने इथे तेल शोधले आणि १९७६ पासून ते निघू लागले.

गावच म्हणायचे ते! मजले आहेत, स्वयंपाकघर आहे, निजायच्या खोल्या आहेत. नाही ते फक्त शिवार. गोरेगावात कडब्याची गंजी पेटली तर माणूस मोकळ्या रानात पळेल. इथे पळायचे कुठे?

सुतळी बॉम्ब उघड्यावर वाजला तर नुसता आवाज होतो. डब्याखाली वाजला की डबा उडतो, हे मुलांना सांगावे लागत नाही. वायूचेही तसेच. नळ, टाक्या, यंत्रे यांच्या दाटीतून जाताना ज्योत अधिकच वेग घेते. दाब नुसता एक बार वाढला, तरी भिंतीच्या दर चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा रेटा येतो, आणि तोही डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर! म्हणून इंजिनियर जमिनीऐवजी जाळी घालतात, दाबाला वाट मिळावी म्हणून. भिंती पन्हळी पोलादाच्या करतात. त्या वाकाव्यात, पण फाटू नयेत. यंत्रांचे बोल्ट अन् नळांचे आधारही याच हिशेबाने. सगळेच काही वाचवता येत नाही. आगीचा पंप, वायू तोडणारी झडप आणि होडीकडे जाणारी वाट, एवढे मात्र तगलेच पाहिजे. उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’वरच्या भिंती आगीपुरत्या होत्या, स्फोटाला पुरणाऱ्या नव्हत्या. १९८८ साली तिथे १६७ माणसे गेली.

आपल्याकडचा दिवस २७ जुलै २००५. मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात बुडालेली, हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरच्या एका आचाऱ्याची बोटे कापली. त्याला वर घ्यावे म्हणून जहाज ‘बॉम्बे हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्मला लागले आणि खवळलेल्या पाण्यात वायूच्या उभ्या नळावर आदळले. नळाला कठडा होता, पण तो लहान जहाजांना पुरेल एवढाच. वायू पेटला. दोनेक तासांत सारा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. आठांपैकी दोनच जीवरक्षक होड्या पाण्यात उतरवता आल्या. तरीही ३८४ जणांपैकी ३६२ वाचले. बाकीचे २२ जण मात्र घरी परतले नाहीत.