बार्जवरचं छत

गेल्या वर्षी मे महिन्यात मी बेंगळुरूहून महिनाभर डिचोलीला घरी आलो होतो. दिवसा लॅपटॉप आणि जेवायला आईच्या हातचं हुमण, एवढाच बेत होता. तिसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले, "रविवारी मोकळा आहेस ना? बार्जवर जायचंय. केबिनचं छत लोंबतंय." घरात आम्ही कोकणीच बोलतो, इथे तेवढं मराठीत लिहितोय.

बाबांनी 26 वर्षं खनिजाच्या बार्जवर ड्रायव्हर म्हणून काढली. बार्जवरचा ड्रायव्हर म्हणजे इंजिन सांभाळणारा. सुकाणू मास्टरच्या हातात. डिचोली भागातलं खनिज जेटीवर भरायचं आणि मांडवीतून मुरगावला न्यायचं. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी समुद्र खवळला की कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचं. माणसं बार्जवरच रांधायची, तिथेच झोपायची. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मग काही काळ चालल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर बाबा घरी बसले. आता लिलावानंतर डिचोलीत पुन्हा खनिज निघू लागलंय, म्हणून त्यांच्या जुन्या मालकाने सहा वर्षं बांधून ठेवलेली बार्ज दुरुस्तीला काढली होती. बाबांना पुन्हा कामावरही बोलावलं होतं. बाबा 63 वर्षांचे. आई या विषयावर काही बोलत नव्हती, फक्त भांडी जरा जोरात ठेवत होती.

रविवारी पेडण्याहून मामा आला. तो सुतारकाम करतो. आम्ही तिघं केबिनमध्ये शिरलो. चार बंक, एक छोटी खिडकी आणि वर रेक्झिनचं छत, कपड्याच्या झोळीसारखं लोंबणारं. रेक्झिनमागे फोम चिकटवलेला असतो. वर लोखंडी पत्रा, त्यावर दिवसभर ऊन, खाली नदीची दमट हवा. अशा हवेत फोमचा भुगा होतो आणि रेक्झिन सुटतं.

मी आदल्या रात्री मोबाइलवर बघून ठेवलं होतं. म्हटलं, "बाबा, रेक्झिन काढू आणि आतल्या प्लायवरच पीव्हीसीचे पॅनेल मारू. एका दिवसात काम होईल."

"वरचं लोखंड बघितल्याशिवाय काही मारायचं नाही," बाबा म्हणाले.

मला वाटलं, हा उगाच हट्ट. पण मामाने पकड उचलली होती. प्लाय खाली यायला लागला तसा पिवळा भुगा आणि गंजाचे पापुद्रे केसांत, डोळ्यांत, मास्कच्या आत. एका कोपऱ्यात पत्र्याला बोट आत जाईल एवढं भोक. आणि खिडकीकडच्या वरच्या बंकवर, दिव्याच्या मागे, प्लायवर हाताच्या पंजाएवढा काळा डाग. तिथे वायरचा जोड होता, नुसती टेप गुंडाळलेला. टेप वितळून प्लायला चिकटली होती आणि लाकूड कोळशासारखं झालं होतं.

बार्जवरचे दिवे 24 व्होल्टच्या बॅटरीवर. झटका बसत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पण तेवढ्याच कामाला घरच्या विजेपेक्षा करंट जवळजवळ दसपट लागतो, आणि जोड सैल असला की तिथेच तापतो.

बाबा बराच वेळ त्या जोडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा जोड माझाच. पंखा लावायचा होता. उद्या नीट करू म्हटलं आणि प्लाय बसवला."

तो बंकही त्यांचाच होता. मामा काही बोलला नाही. मीही नाही. जुन्या कोडला हात न लावता त्यावर नवा थर चढवून 'झालं' म्हणणारा मी, तिथे काय बोलणार होतो?

एका दिवसाचं काम तीन रविवार चाललं. गंज खरवडला, भोकावर वेल्डरकडून तुकडा बसवून घेतला, प्रायमर लावला. वायरी पाइपमधून नेल्या, जोड डब्यात घेतले, प्रत्येक लाइनला वेगळा फ्यूज. मग पत्र्याला पाणी न शोषणारा फोम आणि खाली मरीन प्लाय. मला स्क्रू दिसू नयेत असं वाटत होतं. बाबांनी मुद्दाम दिसतील असेच लावले, स्टीलचे, आणि प्रत्येक तुकडा वेगळा काढता येईल असा बेतला.

शेवटच्या रविवारी मालकाने नवा ड्रायव्हर पाठवला, पंचविशीतला मुलगा. बाबांनी त्याच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर दिला, दिव्याजवळचा तुकडा उघडायला लावला, बंद करायला लावला. जळका प्लाय त्यांनी फेकला नव्हता. तो त्याला दाखवून म्हणाले, "मी केलेला जोड आहे. मी याच्याखाली झोपायचो. तुझ्याबरोबर अजून तिघं झोपणार."

त्या रात्री जेवताना त्यांनी आईला सांगितलं की मालकाला नाही म्हटलंय. अडलं तर बघायला जाईन, राहायला नाही. आईने आणखी एक तळलेला बांगडा त्यांच्या पानात वाढला. विषय संपला.

चवथीला मी पुन्हा घरी गेलो. आमच्या देवाच्या खोलीलाही काही वर्षांपूर्वी फॉल्स सीलिंग केलंय. माटोळी त्यातून खाली आलेल्या हुकांना बांधतो. नारळ, सुपाऱ्या, तोरिंगं, वजन काही कमी नसतं, आणि खाली गणपती, पोरं, आरती. या वेळी माटोळी बांधण्याआधी बाबा स्टुलावर चढले आणि कोपऱ्यातला एक तुकडा काढून टॉर्चने आत बघू लागले. एक वासा वाळवीने पोखरला होता. हूक दुसरीकडे घेतला.

आपल्यापैकी बरेच जण वर्षातून एकदा, चवथीलाच घरी जातात. रंग काढायच्या आधी स्टूल घ्या आणि एक कोपरा उघडून बघा. आणि वडील "आधी वर बघू" म्हणाले, तर माझ्यासारखी घाई करू नका.