गाईड मिटा, पुस्तक उघडा!

मित्रांनो, 'गाईड' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? तयार प्रश्नोत्तरांचं जाडजूड पुस्तक, हो ना? आमच्या मोहर्लीत मात्र गाईड म्हणजे पर्यटकांना ताडोबाचं रान दाखवणारा माणूस. जिप्सीत बसताना वाघ कुठे आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. तो ठसे बघतो, वानरांचं खाकरणं आणि चितळाची हाक कान देऊन ऐकतो, मग अंदाज बांधतो. वर्गात एखाद्या पुस्तकावर गटचर्चा असेल ना, तर तयारी या दुसऱ्या गाईडसारखी करायची बरं का!

समजा, चर्चेला व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी आहे. वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेच्या झगड्याची ही गोष्ट. तिला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण एवढी माहिती घडाघडा म्हणून दाखवणं म्हणजे चर्चा नव्हे.

मग करायचं काय? पुस्तक दोनदा वाचायचं. पहिल्यांदा नुसती गोष्ट म्हणून, मजेत. दुसऱ्यांदा शेजारी वही घेऊन. वहीत तीनच गोष्टी लिहा : आवडलेली एक जागा, अडलेली एक जागा आणि स्वतःला पडलेला एक प्रश्न. पानाचा आकडाही टाका, नाहीतर ऐन वेळी 'कुठंतरी लिहिलंय हो!' म्हणत पानं उलटत बसाल.

प्रश्न मात्र जरा निवडून घ्या. 'टोळी कुणाच्या ताब्यात गेली?' हा प्रश्न एका शब्दात संपतो. 'ताबा मिळवून त्याला काय मिळालं?' असं विचारा, पाच जण पाच मतं मांडतील. एखाद्याचं मत पटलं नाही, तर 'तुझं चूक' म्हणू नका. 'कोणत्या पानावरून म्हणतोस?' असं विचारा. कधी कधी आपणच आपलं मत बदलतो!

आणि हो, गप्प बसू नका. आमच्या गटात एक मुलगी कधीच बोलायची नाही. आपल्याला काय कळतं, असं तिला वाटे. एकदा हळूच म्हणाली, "माझी आई पहाटे मोहफुलं वेचायला रानात जाते. वानर खाकरलं की टोपली तिथंच टाकून मागं फिरते. म्हणजे वानर आम्हालाही वाघापासून वाचवतं. मग तेच वानर टोळी मिळवताना दुसऱ्याची पिल्लं का मारतं?"

सगळे चिडीचूप! मग भराभर पुस्तकं उघडली आणि तास संपला तरी कुणी उठेना.

हा प्रश्न कुठल्याच गाईडात सापडला नसता. तो तिच्या घरातून आला होता. तुमच्याही घरात, शेतात, गल्लीत असं काही असेलच. पुस्तक वाचताना ते आठवलं, की लगेच वहीत टिपून ठेवा. चर्चेला येताना तेच घेऊन या.