सोंगाचा ताप

आपल्या भाषेंत ‘ताप’ हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. अंगाला चढतो तो एक ताप, आणि दुसऱ्याच्या वागण्यानें आपल्याला होतो तो दुसरा. जवळजवळ तीस वर्षें अध्यापनांत घालविल्यावर आम्हांला हें कबूल करणें प्राप्त आहे कीं, एका विद्यार्थ्याचा पहिल्या प्रकारचा ताप आम्ही दुसऱ्या प्रकारचा समजलों.

गोष्ट २००१ सालच्या हिंवाळ्यांतली. आमचा तास सकाळीं सात वाजतां असे. थंडी पडूं लागली कीं हा मुलगा वर्गांत दिसेनासा होई. दोन दिवसांनीं येई तो डोळे लाल झालेले, हातांवर गांधी उठलेल्या, आणि चाल एखाद्या म्हाताऱ्यासारखी. विचारलें कीं उत्तर ठरलेलें : “सर, ताप होता.” डॉक्टरांचा दाखला मागितला तर त्यावर कधीं मलेरियाची शंका, कधीं घशाचा दोष, कधीं नुसताच ‘ज्वर’. तपासणींत जंतु मात्र एकदांहि सांपडलेला नाहीं. ज्या तापाला कारण नाहीं तो सोंगाचा, असा सरळ न्याय आम्हीं लावला आणि हजेरी अपुरी असल्याचा शेरा मारून मोकळे झालों.

त्याचे वडील भेटावयास आले. त्यांना कमी ऐकूं येई. चेहरा व पाय सुजलेले दिसत होते. “आमच्या घराण्यालाच हा ताप आहे, सर. मला आहे, माझ्या आईलाहि होता,” असें ते म्हणाले. त्यांना ऐकूं जावें म्हणून आम्ही मोठ्यानें, म्हणजे साऱ्या खोलीला ऐकूं जाईल अशा आवाजांत, म्हणालों, “घराण्याला ताप असतो कीं आळस?” खोलींतले दोघेतिघे हंसले. ते गृहस्थ हंसले नाहींत. हें वाक्य त्यांना नीट ऐकूं आलें असावें. मुलाचें एक वर्ष फुकट गेलें. पुढें २००६ सालीं मूत्रपिंडें निकामी होऊन ते गृहस्थ वारल्याचें आमच्या कानांवर आलें.

मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडला गेला. २०११ सालीं तेथून त्याचें पत्र आलें आणि त्यांत त्या तापाचें नांव होतें : मकल-वेल्स.

त्या नांवामागचा इतिहास वाचीत असतां आम्ही वारंवार ओशाळलों. १९६२ सालीं मकल आणि वेल्स या दोन डॉक्टरांनीं इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांतल्या एका कुटुंबाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ताप, गांधी आणि अंगदुखी यांचे झटके येत. पुढें कान जात. आणि कित्येकांच्या मूत्रपिंडांत एक विकृत प्रथिन सांचून तीं निकामी होत. आमच्यासमोर खुर्चींत बसलेले ते गृहस्थ त्या लेखांतील लक्षणें अंगावर घेऊनच आले होते. आणखी लाजेची गोष्ट अशी कीं, ज्या सालीं आम्हीं तो शेरा मारला त्याच सालीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथें हाल हॉफमन व त्यांचे सहकारी यांनीं या व्याधीच्या मुळाशीं असलेलें जनुक शोधून काढलें. त्या जनुकापासून होणारें प्रथिन ‘क्रायोपायरिन’ या नांवानें ओळखलें जातें. त्या नांवांत थंडी आणि अग्नि हे दोन ग्रीक शब्द एकत्र आले आहेत. गारठ्यानें पेटणाऱ्या तापाला याहून समर्पक नांव सुचणें कठीण.

या प्रथिनाचें काम गांवच्या जागल्याचें आहे. परका जंतु शिरला कीं त्यानें हांक द्यावी, त्या हांकेसरशीं ‘इंटरल्यूकिन-१’ नांवाचें द्रव्य रक्तांत उतरावें, आणि त्यानें मेंदूपर्यंत ताप चढविण्याचा निरोप पोंचवावा, अशी निरोगी शरीराची व्यवस्था असते. या घराण्यांत जागल्याच बिघडलेला असतो. चोर नसतांना तो ओरडतो. गार वाऱ्याची झुळूकहि त्याला पुरते. म्हणून जंतु शोधणाऱ्याला कांहींच सांपडत नाहीं. ताप खरा, दाह खरा. शत्रु मात्र कोणी नाहीं. आईबापांपैकीं एकाला ही व्याधि असली तर प्रत्येक अपत्याला ती येण्याचा संभव निम्मा असतो.

जागल्या बदलतां येत नाहीं, पण त्याची हांक वाटेंत अडवितां येते. २००३ सालीं लंडनच्या डॉक्टरांनीं अशा दोन रुग्णांना ‘अनाकिन्रा’ टोचल्याचें प्रसिद्ध केलें. वर्षानुवर्षांचीं दुखणीं कांहीं तासांत थांबलीं होतीं. तें औषध रोज टोचावें लागतें. पुढें ‘कॅनाकिनुमॅब’ आलें. अमेरिकेंत व युरोपांत त्याला २००९ सालीं मान्यता मिळाली. हा जिवंत पेशींकडून तयार करवून घेतलेला प्रतिपिंड आहे. इंटरल्यूकिन-१च्या एकाच प्रकाराला नेमका पकडून तो निष्प्रभ करतो आणि एकदां टोचला कीं साधारणतः आठ आठवडे पुरतो. त्याची परीक्षाहि मोठ्या कसोशीनें झाली. ३५ रुग्णांपैकीं ३४ जणांना एकाच मात्रेनें पूर्ण आराम पडला. नंतर कांहींना खरें औषध आणि कांहींना औषधाचा अंशहि नसलेलें द्रव, कोणाला काय हें कळूं न देतां, देण्यांत आलें. खरें औषध मिळालेल्या १५ जणांपैकीं एकाचीहि व्याधि उलटली नाहीं. दुसऱ्या १६ पैकीं १३ जणांची उलटली. खरें आणि सोंग निवडण्याची ही रीत आमच्या शेऱ्यापेक्षां किती सभ्य!

तथापि हें औषध व्याधि बरी करीत नाहीं, धरून ठेवतें. थांबविलें कीं ताप परततो. जंतूंविरुद्धची खरी हांकहि त्यामुळें क्षीण होते, म्हणून साध्या पडशाखोकल्यालाहि जपावें लागतें. किंमत तर सामान्य गृहस्थाच्या आवांक्याबाहेरची. आमच्या विद्यार्थ्याला तें मिळतें, तें तेथील सार्वजनिक आरोग्यसेवा खर्च सोसते म्हणून. आणि गेलेले कान बहुधा परत येत नाहींत.

२००१ सालीं हें औषध नव्हतेंच. आम्हीं त्या मुलावर विश्वास ठेवला असता तरी ताप उतरला नसता, असें समाधान आम्हीं कांहीं काळ करून घेतलें. परंतु विश्वास ठेवण्याला औषधाची वाट पाहावी लागत नाहीं.

गेल्या डिसेंबरांत तो मुलीला घेऊन घरीं आला. भल्या सकाळीं, गारठ्यांत, पायीं चालत आला, हें आम्हीं मुद्दाम लक्षांत घेतलें. त्याच्या कानांत यंत्र होतें. मुलगी नऊ वर्षांची. व्याधि तिच्याहि वांट्याला आली आहे. मात्र तिसऱ्या वर्षापासून तिला औषध चालू आहे. आम्हीं त्याच्या वडिलांना बोललेलें तें वाक्य त्याला सांगितलें आणि क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, बाबांनीं घरीं येऊन तें सांगितलें होतें. त्यानंतर पुष्कळ दिवस ते कोणत्याच डॉक्टरकडे गेले नाहींत. पुन्हां कोणी हंसेल, असें त्यांना वाटे.”

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. अवघडलेपण घालवावें म्हणून आम्ही मुलीकडे वळलों आणि, त्या घराण्याशीं बोलतांना जडलेल्या जुन्या संवयीनें, मोठ्यानें तिच्या शाळेची चौकशी करूं लागलों. ती जरा मागें सरली.

“आजोबा, एवढें मोठ्यानें कां बोलतां? मला ऐकूं येतें.”

आम्हीं आवाज खालीं आणला.