बडोद्याचे कलाभवन आणि तांब्याच्या वाटा

बडोद्याचे नाव निघाले की आपल्याला सयाजीराव महाराज आठवतात, त्यांची ग्रंथालये आठवतात. कलाभवन मात्र सहसा आठवत नाही. महाराजांनी ते १८९० साली सुरू केले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. हातातली विद्या मातृभाषेतून शिकवावी, हा त्यांचा आग्रह. दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवनाचा वारसा त्याच्या अभियांत्रिकी शाखेकडे गेला.

माझी बहीण बडोद्यात दिलेली. तिचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. मी कला शाखेचा पदवीधर, पेशाने सरकारी कारकून. सर्किट म्हणजे बिघडलेल्या टीव्हीच्या पोटातली हिरवी पाटी, एवढीच माझी ओळख. ती पाटी संगणकावर कशी जन्मते, हे भाच्याने मला ‘किकॅड’वर दाखवले. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या झां-पिएर शारास यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर कुणालाही फुकट वापरता येते.

आधी रेझिस्टर, कपॅसिटर, चिप यांची चिन्हे मांडून रेघांनी जोडायची. मग प्रत्येक चिन्हाला खऱ्या वस्तूचे माप द्यायचे; तिचे पाय नेमके कुठे टेकणार ते ठरते. त्यानंतर पाटीवर जागा लावायच्या आणि तांब्याच्या वाटा आखायच्या. शेवटी तपासणी. दोन वाटा फार जवळ आल्या, एखादी जोडणी राहिली, तर संगणक तिथेच बोट ठेवतो. तांबे वाया जाण्याआधीच चूक कळते.

“मामा, साहेबांकडे जाण्याआधी तुम्ही फाइल तपासता ना, तसंच हे,” भाचा म्हणाला.

“पण फाइल नियमात बसली म्हणून निर्णय योग्य असतोच असं नाही,” मी म्हटले.

“इथंही तेच. सर्किट काम करेल का, ते वेगळं बघावं लागतं.”

पडद्यावरचे सगळे शब्द इंग्रजी होते. मला कळले ते त्याच्या मराठीमुळे. गज्जरांचा आग्रह किती खरा होता, ते तेव्हा पटले. मुंबईच्या आयआयटीने किकॅड आणि ‘एनजीस्पाइस’ एकत्र आणून ‘ईसिम’ घडवले. तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही मिळतात.

गोव्यात आपण भाषेवरून भांडतो ते राजभाषा, शाळा आणि साहित्य यांसाठी. पण सोल्डरिंगच्या टेबलावर मराठी चालते का, हे कुणी विचारत नाही. तिथे ती मुकी झाली, तर संमेलनात कितीही बोलली तरी काय उपयोग?