जशी निघाली तशी

चोपन्नावें वर्ष उलटलेल्या गृहस्थानें कशाकशांत भाग घ्यावा याविषयीं आपल्या समाजाचे संकेत ठरलेले आहेत. त्यानें ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर असावें, एखाद्या व्याख्यानमालेंत अध्यक्षाची खुर्ची अडवावी, आणि फारच उत्साही असेल तर पहाटे उठून टेकडी चढून यावें. २०२५ सालच्या फेब्रुवारींत मी यांपैकीं कांहींएक न करतां, उत्तर विस्कॉन्सिनमधील एका गोठलेल्या तळ्यावर, डोक्यावर शिरस्त्राण चढवून, १९७९ सालच्या एका बर्फगाडीवर बसलों आणि शर्यतींत उतरलों.

मी तिकडच्या एका लहानशा महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. साताऱ्याकडच्या माणसानें विस्कॉन्सिनच्या गवळ्यांच्या मुलांना त्यांचीच भाषा शिकवावी, यांतला विनोद माझ्या विद्यार्थ्यांच्या लक्षांत येत नाहीं. माझ्या मात्र तो तेवीस वर्षांत एक दिवसही नजरेआड झालेला नाहीं. येथें हिवाळा नोव्हेंबरांत येतो आणि एप्रिलांतही निरोप घ्यायला कां कूं करतो. अशा मुलखांत स्नोमोबाईल, म्हणजे पुढें दोन पट्ट्या, मागें रबराचा रुंद ट्रॅक आणि मध्यें इंजिनावर खोगीर अशी ही गाडी, घरोघर असते. आपल्याकडे अंगणांत सायकल असावी तशी. तिचा जन्मही याच भागांतला. आमच्या गांवापासून फार दूर नसलेल्या सेनर या खेड्यांत कार्ल इलायसन नांवाचा एक दुकानदार होता. त्याचा एक पाय अधू होता, आणि शिकारीला निघालेले मित्र बर्फांतून पुढें निघून जात तेव्हां हा मागें राही. १९२४ सालीं त्यानें घसरगाडीवर होडीचें अडीच अश्वशक्तीचें इंजिन बसविलें आणि मित्रांना गांठलें. पुढें क्यूबेकमध्यें जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर यानें या वाहनाचा ध्यास घेतला. १९३४ सालच्या हिवाळ्यांत रस्ते बर्फानें बंद असल्यामुळें त्याचें दोन वर्षांचें मूल इस्पितळांत नेतां आलें नाहीं आणि तें दगावलें, ही गोष्ट त्याच्या चरित्रांत सर्वत्र सांगितलेली आहे. एकाचा अधू पाय आणि दुसऱ्याचें गेलेलें मूल यांतून जें वाहन निघालें त्यावर बसून आम्ही दर शनिवारीं कोण कोणाच्या पुढें जातो तें पाहतों. मनुष्यजातीविषयीं मला वाटणाऱ्या आदरांत आणि नवलांत अशा गोष्टींनीं सारखीच भर पडते.

माझी गाडी मीं एका म्हाताऱ्या गवळी शेजाऱ्याकडून तीनशें डॉलरांना घेतली. यामाहा कंपनीची, दोन सिलिंडरांची, पंख्याच्या वाऱ्यानें थंड होणारी. कारखानदारांनीं तिचें नांव ‘एन्टायसर’ असें ठेविलें आहे. शुद्ध मराठींत मोहिनी. हा अर्थ मीं घरांत आपण होऊन सांगितला नव्हता. पण सौ.नें तो काढला, आणि तेव्हांपासून मी गराजमधून उशिरां आंत आलों कीं, “झाली का मोहिनीची उस्तवार?” असा प्रश्न ठेवलेलाच. मी तिला समजावून पाहिलें कीं, ही मुलगी चांगल्या घराण्यांतली आहे. तोराकुसु यामाहा यानें १८८७ सालीं हामामात्सु गांवच्या एका शाळेंतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि त्यांतून वाद्यांचा कारखाना उभा राहिला. कंपनीच्या चिन्हांत आजही तीन नादकांटे आहेत. नाट्यसंगीतावर पोसलेल्या माणसाच्या दारांत ऑर्गनच्या कुळांतली गाडी असावी, यांत वावगें काय? या घराण्यानें बर्फगाड्या करण्यास १९६८ सालीं आरंभ केला, आणि २०२५ सालचे नमुने शेवटचे, असें २०२३ सालीं जाहीरही करून टाकलें. माझ्या युक्तिवादाचा उपयोग झाला नाहीं.

शर्यत अगदीं साधी. ड्रॅग शर्यत म्हणतात ती हीच. दोन गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या करावयाच्या, खांबावरचा हिरवा दिवा लागला कीं निघावयाचें, आणि पांचशें फूट सरळ जावयाचें. वळण नाहीं, डाव नाहीं, विश्रांति नाहीं. माझ्या गाडीला या सर्वास नऊ सेकंद लागतात. हरला तो गेला. जिंकला तो पुढच्या फेरींत. मात्र गाड्यांचे वर्ग असतात, आणि माझ्या मोहिनीचा वर्ग ‘जुनी, स्टॉक’ हा. स्टॉक म्हणजे कारखान्यांतून जशी निघाली तशी. इंजिन कोरून मोठें करावयाचें नाहीं, धुराची नळी बदलावयाची नाहीं, ट्रॅकला खिळे ठोकावयाचे नाहींत. ज्यांना हें सारें करावयाचें असेल त्यांच्यासाठीं ‘सुधारलेल्या’ गाड्यांचा निराळा वर्ग आहे.

खरें भांडण निघालें तें या ‘जशी निघाली तशी’ वरून.

गाडीचें सगळें काम आमच्या चिरंजीवांच्या हातीं होतें. तो सतरा वर्षांचा. पुढच्या शरद ऋतूंत शिकण्यासाठीं बाहेरगांवीं जाणार. त्याचें मराठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं थांबतें आणि माझें यंत्रज्ञान त्या उंबऱ्यापर्यंतही पोंचत नाहीं. त्यामुळें दोन हिवाळे गराजमध्यें आमचें संभाषण मुख्यतः ‘हें धरा’ आणि ‘तें नव्हे’ एवढ्यावर चाललें. पण या दोन शब्दसमूहांवर मुलगा बापाला पुष्कळच शिकवूं शकतो. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल अधिक लागतें, म्हणून कार्ब्युरेटरमधली पितळेची जेट हवेप्रमाणें बदलावी लागते; न बदलली तर पिस्टन जळतें. हें मला त्याच्याकडून कळलें. गाडीचा आत्मा इंजिनांत नसून क्लचमध्यें असतो, हेंही त्यानेंच दाखविलें. दोन तिरप्या थाळ्यांमध्यें एक पट्टा. इंजिनाचे फेरे वाढले कीं आंतलीं वजनें बाहेर फेंकलीं जातात, थाळ्या जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि गाडी चालूं लागते. या वजनांना धरून ठेवते ती एक स्प्रिंग. ती जितकी ताठ तितका पट्टा उशिरां पकडतो, आणि उशिरां पकडल्यामुळें गाडी अधिक जोरानें सुटते. स्प्रिंगचा ताठपणा तिच्यावरच्या रंगाच्या ठिपक्यावरून ओळखतात.

एके संध्याकाळीं कामाच्या टेबलावर कागदांत गुंडाळलेली निराळ्या ठिपक्याची एक स्प्रिंग मला दिसली.

“ही कशाला?”

“सगळे घालतात, बाबा. झांकण उघडून कोणी बघत नाहीं.”

मी परीक्षकाचा धंदा करणारा मनुष्य. ‘सगळे करतात’ आणि ‘कोणी बघत नाहीं’ हीं दोन वाक्यें मीं इतक्यांदा ऐकलीं आहेत कीं, त्यांवरचें माझें भाषण तयारच असतें. तें मीं सुरू केलें. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि मग बोटें मोडून मोजावयास सुरुवात केली. ट्रॅक नवा, पट्टा नवा, पिस्टन नवीं, खोगिराचें कातडें नवें, पुढच्या पट्ट्या दुसऱ्या मोडक्या गाडीच्या. मग या गाडींत कारखान्यांतून निघालेलें असें राहिलें काय? मीं म्हटलें, झिजलें म्हणून बदलणें निराळें आणि जिंकावें म्हणून बदलणें निराळें. आजोळच्या वाड्याचीं वासे-तुळया किती वेळां बदलल्या, पण त्याला दुसरा वाडा कोणी म्हटलें नाहीं. त्यावर तो हंसून म्हणाला, “तुम्ही स्वतः तरी कुठें स्टॉक आहांत, बाबा?”

हा टोला मला अपेक्षित नव्हता. मी जेवायला आंत गेलों तरी तो डोक्यांत होता. तेवीस वर्षांत माझें काय काय बदललें याची यादी केली तर मोहिनीहून ती लांब होईल. मी स्वप्नें कोणत्या भाषेंत पाहतों हें मला सांगतां येत नाहीं. भाकरीवांचून माझें अडत नाहीं. वडिलांना पत्र लिहितांना, ते होते तोंवर, मी शब्द शोधीत बसत असें. यांतलें झिजलें म्हणून बदललेलें किती आणि या देशांत पुढें जावें म्हणून बदललेलें किती? माझ्या नियमानें मला कोणत्या वर्गांत बसवावें, हें मला त्या रात्रीं ठरवितां आलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर अजूनही आलेलें नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, गाडी तुझ्या हातांतली आहे, तूं ठरव. मी झांकण उघडून पाहणार नाहीं.

हें सगळें घडलें २०२३ च्या डिसेंबरांत, आणि तें वर्ष शर्यतीविनाच गेलें. विस्कॉन्सिन व मिनेसोटा या दोन्ही राज्यांत तो हिवाळा नोंदींतला सर्वांत उबदार हिवाळा ठरला. मिनेसोटाच्या नैसर्गिक संपत्ति खात्याचें कोष्टक असें कीं, पायीं चालणाऱ्यास चार इंच बर्फ हवा, बर्फगाडीस पांच ते सात. आमच्या तळ्यावर फेब्रुवारींत बदकें पोहत होतीं. ज्या गोष्टीसाठीं माणसें वर्षभर पैसे सांठवतात तिला निसर्गानें असें परस्पर पुसून टाकावें, आणि कोणी तक्रार करावयाची तर ती कोणाकडे, हेंही कळूं नये; त्या वर्षीं गांवांत एक चमत्कारिक गप्पपणा होता. दुसऱ्या वर्षीं मात्र थंडी आली, आणि शर्यतीच्या दिवशीं भोंक पाडून पाहिलें तेव्हां तळ्यावर सोळा इंच निघाले.

आदल्या रात्रीं गराजमध्यें गेलों तेव्हां टेबलावरचा तो कागद दिसला नाहीं. मीं वचन दिलें होतें. झांकणाला हात लावला नाहीं. सकाळीं शून्याखालीं अठरा अंश. तपासनीस एक वृद्ध शेतकरी होता. त्यानें वांकून इंजिनाचा क्रमांक पाहिला, धुराची नळी चांचपली आणि माझ्याकडे न पाहतां मुलाकडे पाहून विचारलें, “क्लच?” “कारखान्याचा,” चिरंजीव म्हणाले. तपासनीसानें गाडीवर खडूची खूण केली. माझ्या मनांत त्या क्षणीं जें होतें त्याला भीति म्हणावें कीं लाज, हें मी सांगूं शकत नाहीं. निकालाची फिकीर मात्र त्यांत मुळींच नव्हती.

रेषेवर माझ्या शेजारीं एक तांबड्या दाढीचा तरुण होता. त्यानें मला ‘सर’ म्हणून नमस्कार केला. बहुधा माझा जुना विद्यार्थी असावा. पिंवळे दिवे लागले. गाडीची गति उजव्या अंगठ्याखालच्या एका पात्यावर असते. हिरवा लागतांच मीं तें दाबलें, आणि पट्टा पकडला. जेथें नेहमीं पकडीत असे तेथेंच. दोन हिवाळे त्या पात्यावर माझा अंगठा होता. फेऱ्यांचा आवाज कोणत्या सुरावर पोंचला कीं मोहिनी पाऊल उचलते हें मला डोळे मिटूनही कळतें. ती जुनीच स्प्रिंग होती. त्यानंतरचे आठ सेकंद मला फारसे आठवत नाहींत. शेजारच्या गाडीचा ट्रॅक जागच्या जागीं गरगर फिरल्याचें पुढें मला सांगण्यांत आलें. मी त्याच्याहून पुष्कळच आधीं पोंचलों होतों. दुसऱ्या फेरींत एका शाळेच्या शिक्षिकाबाईंनीं मला हातभर अंतरानें हरविलें. त्यांची गाडी माझ्याहूनही जुनी होती आणि त्यांचा अंगठा माझ्याहून पुष्कळ तरबेज होता. सौ. कठड्यापाशीं उभी राहून मोठ्यानें ओरडत होती. ती कोणाचें नांव घेत होती हें मीं मुद्दामच विचारलें नाहीं.

परत येतांना मोटारींत मीं विषय काढला. मुलानें त्या स्प्रिंगचा मोह टाळला याचें मला किती समाधान वाटलें, अशा अर्थाचें कांहीं मी बोलूं लागलों. त्यानें मला मध्येंच थांबविलें. “तसं नाहीं, बाबा. वरचा थर टणक होता. ताठ स्प्रिंग घातली असती तर त्या दाढीवाल्यासारखा आपला ट्रॅक पण नुसता फिरला असता.” एवढें बोलून तो खिडकीबाहेर पाहूं लागला. हेंच त्याचें संपूर्ण उत्तर होतें कीं त्याखालीं आणखी एखादें होतें, हें मीं ताडण्याचा प्रयत्न केला. पण त्या वयाच्या मुलाचा चेहराही झांकण न उघडतां पाहावयाची वस्तु आहे.

घरीं आल्यावर त्यानें हत्यारांच्या पेटींतून कागदांतली स्प्रिंग काढून टेबलावर ठेविली. “पुढच्या वर्षीं सुधारलेल्या वर्गांत नांव घाला. मग ही उघडपणें चालेल.”

“आणि ही बसविणार कोण? तूं तर येथें नसशील.”

त्यानें दिवा जवळ ओढला, क्लचच्या झांकणाकडे बोट दाखविलें आणि पाना माझ्या हातांत दिला. झांकणाखालीं स्प्रिंग दाबलेली असते. एकच स्क्रू पुरा काढला तर झांकण वांकडें होऊन उडतें. म्हणून प्रत्येक स्क्रू एकेक वळसाच सैल करावयाचा, गोल फिरत यावयाचें, आणि पुन्हा पहिल्यापासून. “हळू,” तो म्हणाला, “घाई नाहीं.” मी दुसऱ्या स्क्रूकडे वळलों.