निकामी करणे

माझी पहिली स्कूटर १९८४ सालची. तेव्हापासून गाडी उभी केली की हँडल वळवायचे, चावी फिरवायची, 'खट्' असा आवाज आला की मगच पाऊल उचलायचे, ही माझी सवय. किराणा दुकानात दोन मिनिटांचे काम असो की घरच्या फाटकाच्या आत लावायची असो, हँडल लॉक झालेच पाहिजे. आमची सौ. म्हणते, तुम्ही एखादे दिवशी देवाला दिवा लावायला विसराल, पण लॉक विसरणार नाही. तीस-बत्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला, यंत्रातले मला काही कळत नाही. पण कुलूप म्हणजे चांगली गोष्ट, एवढे मात्र कुणाला विचारावे लागले नाही.

तर अशा माणसाला नातवाने सांगितले, "आजोबा, जिप्सीचं स्टेअरिंग लॉक काढून टाकतोय." यावर मी 'का?' असे विचारले नाही, 'कशाला?' असे विचारले. या दोन प्रश्नांतला फरक मराठी वाचकाला समजावून द्यायला नको.

नातू डिप्लोमा झालेला, नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. त्याने आणि दोन मित्रांनी पैसे साठवून एक जुनी मारुती जिप्सी घेतली आणि तिची रॅलीची गाडी करायला काढली. जिप्सी १९८५ साली आली, आता बंद झाली. पण आपल्याकडच्या रॅलींत ती वर्षानुवर्षे धावली आहे. मातीचा रस्ता, दगड, ओढे, धूळ हे तिचे माहेर. गाडीत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवायचा, मागचे बाक काढायचे, पट्टे बदलायचे असे महिनोन्‌महिने चालले होते. माझ्या चिरंजीवांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, यातले काहीच मान्य नव्हते. मला म्हणाला, "तुमचं ऐकतो तो. तुम्ही सांगा." म्हणून मी केडगावच्या त्या गॅरेजमध्ये गेलो. समजूत घालायला गेलो होतो, हे आधीच सांगतो.

मेस्त्री माझाच जुना विद्यार्थी निघाला. वर्गात एका जागी बसला नाही कधी. आता गाडीखाली तीन-तीन तास निजून असतो! त्याने स्टूल पुसून दिले, चहा सांगितला आणि "सर, हे बघा" म्हणून एक सुटे कुलूप माझ्या हातात ठेवले.

चावी फिरवतो ते कुलूप आणि स्टेअरिंगचा दांडा, यांच्यामध्ये एक पोलादी खीळ असते. बोटाच्या पेराएवढी. तिच्यामागे स्प्रिंग. स्प्रिंग सतत खिळीला दांड्याकडे ढकलत असते आणि चावीची यंत्रणा तिला मागे धरून ठेवते. चावी काढली की धरणारे कुणी राहत नाही. खीळ दांड्याच्या कड्यावर जाऊन टेकते, आणि चाक थोडे फिरले, कड्यातली खाच समोर आली, की आत शिरते. खट्! माझा चाळीस वर्षांचा समज असा होता की चावी लॉक 'लावते'. प्रत्यक्षात लॉक लागायला टपलेलेच असते, चावी त्याला फक्त अडवून धरते. मास्तर वर्गात असेपर्यंत शांत बसणाऱ्या वर्गासारखे.

या कुलपाने चोर किती अडले, हे मी नंतर वाचून काढले. फ्रान्समध्ये याला अजून 'नेमन' म्हणतात, ते बनवणाऱ्या माणसाच्या आडनावावरून. आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणू लागलो तसे. पश्चिम जर्मनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या-जुन्या सगळ्याच गाड्यांना ते सक्तीचे केले आणि गाड्यांच्या चोऱ्या एकदम खाली आल्या. इंग्लंडने १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना केले. तिथे गंमत झाली. नव्या गाड्यांची चोरी कमी झाली आणि कुलूप नसलेल्या जुन्या गाड्यांची वाढली! चोर काही सुधारले नव्हते, पुढच्या गल्लीत गेले होते. इतिहासाच्या शिक्षकाला अशी उदाहरणे फार आवडतात. असो. मुद्दा एवढाच की कुलूप उपयोगाचे आहे, यात शंका नाही. पण ते कधी उपयोगाचे? मालक गाडीपाशी नसतो तेव्हा.

नातवाने मला नियम दाखवला. जगभरच्या मोटार स्पर्धांची जी संस्था आहे, एफआयए, तिच्या नियमावलीत परिशिष्ट 'जे' म्हणून एक भाग आहे आणि त्यातल्या २५३व्या कलमात सुरक्षेच्या अटी आहेत. इंग्रजी वाक्य मी शब्दकोश घेऊन सोडवले. चोरीपासून संरक्षण करणाऱ्या स्टेअरिंगच्या कुलपाची अडकवण्याची यंत्रणा निकामी केलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ. काढली तरी चालेल असे नाही, काढावी अशी शिफारसही नाही. केलीच पाहिजे.

'निकामी' हा शब्द मला जरा थबकवून गेला. आपण तो शिवीसारखा वापरतो. वर्गात वाया चाललेल्या पोराला त्याचा बाप मला येऊन सांगायचा, "निकामी कार्टं आहे, सर." इथे मात्र काम चोख बजावणारी वस्तू मुद्दाम निकामी करायची, आणि तसे केल्याशिवाय तपासनीस गाडीला रॅलीत उतरूच देत नाही.

कारण विचारले तर दोघेही एकदम बोलू लागले. रॅलीच्या गाडीत चावी बहुधा ठेवतच नाहीत. बटणांची पाटी असते, एक बटण दाबले की इंजिन सुरू. गाडी उडते, आपटते, गुडघा कुठेही लागतो, अशा ठिकाणी लोंबणारी चावी हवी कशाला? शिवाय वीज तोडण्याचा मुख्य स्विच असतो, तो बाहेरूनही ओढता येतो. पांढऱ्या काठाच्या निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण असते तिथे. गाडी ओढ्यात गेली, धूर दिसला, की कुणीतरी तो ओढणार. इंजिन बंद, दिवे बंद, सगळे बंद. अशा वेळीसुद्धा चाक वळलेच पाहिजे. चालत्या गाडीला वाट काढायला, नाहीतर निदान टोचन लावून बाहेर ओढताना.

आणि खरी मेख इथेच होती. मेस्त्री म्हणाला, काही पोरे घाईत नुसता चावीचा भाग उपटतात आणि बटण बसवतात. स्टेअरिंग मोकळे असते, खूश होतात. पण खीळ आणि स्प्रिंग आतच! तिला अडवून धरणारा मात्र गेला. पुढे शंभर खड्ड्यांनी नाही, तर एकशे एकाव्या खड्ड्याने ती सुटते. म्हणजे कुलूप असणे धोक्याचे, नसणे बिनधोक, आणि अर्धे असणे सगळ्यांत वाईट.

त्या दिवशी वाद याच गोष्टीवर चालला होता. भागीदार मित्रांपैकी एकाचे म्हणणे, खिळीचे टोक ग्राइंडरने घासून टाकू, अर्ध्या तासाचे काम. नातू म्हणत होता, खीळ आणि स्प्रिंग दोन्ही बाहेर आली पाहिजेत. त्यासाठी सगळे कुलूप दांड्यावरून उतरवावे लागते आणि ते सोपे नसते, कारण ते ज्या बोल्टांनी आवळलेले असते त्यांची डोकी कारखान्यातच आवळताना मोडून टाकलेली असतात. पाना लागायला जागाच नाही. चोराला लागू नये म्हणून. मग मधोमध सेंटर पंच मारायचा, ड्रिलने भोक पाडायचे, नाहीतर छिन्नीने कड मारत मारत फिरवायचे. स्टेअरिंगच्या दांड्याला धक्का न लावता. नातू जवळजवळ पूर्ण दुपार ते करत होता. मी चहाचे दोन कप संपवले. समजूत घालायची राहूनच गेली.

मला हे सारे पाहताना राहून राहून करंजी घाट आठवत होता. १९८८ साली माझा चुलतभाऊ करंजी घाट उतरत होता. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायची, डिझेल वाचवायचे, ही त्या काळच्या कितीतरी चालकांची रीत. अजूनही काहीजण करतात. त्याची गाडी जुनी, कुलूप झिजलेले, आणि चावीच्या जुडग्यात घराची, कपाटाची, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची अशा सगळ्या चाव्या. त्याने इंजिन बंद करायला चावी फिरवली, ती झिजलेल्या कुलपात एक घर पुढे गेली आणि जुडग्याच्या वजनाने निसटून खाली पडली. पुढच्या वळणावर चाक अर्धे फिरले आणि अडकले. गाडी कठड्याला धडकून थांबली म्हणून निभावले. त्याचा डावा पाय मात्र पुढे कधी सरळ झाला नाही. गाडीत मागे माझा मुलगा होता, बारा वर्षांचा. त्याला खरचटलेसुद्धा नाही. घरी आल्यावर त्याने एकच गोष्ट सांगितली, "काका दोन्ही हातांनी चाक ओढत होते आणि चाक येत नव्हतं." त्याने पुढे गाडी चालवायला शिकून घेतली, नोकरीसाठी शिकावीच लागली, पण उतारावर तो आजही गप्प होतो.

जुडग्याच्या वजनाची गोष्ट एकट्या आमच्या घरची नाही. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत चावीचा स्विच इतका ढिला होता की जड जुडगा किंवा रस्त्यावरचा हादरा यांनी तो चालत्या गाडीत आपोआप मागे यायचा. तिथे चाकाला कुलूप लागत नव्हते. पण इंजिन बंद पडे, चाक जड होई आणि धडकेच्या वेळी फुगे उघडत नसत. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यू मान्य केले. आपल्या जुडग्यातून निदान कपाटाची चावी तरी काढून ठेवा, एवढे मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो. शिक्षकाची खोड.

आता माझ्या मनातला प्रश्न: चोराचे काय? रॅलीत वेगाचे टप्पे बंद रस्त्यांवर असतात हे खरे, पण एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना या गाड्या तुमच्या-आमच्या रस्त्यावरून, टपऱ्या आणि एसट्यांच्या मधूनच जातात. तेव्हा गाडीत दोघे असतात, हे उत्तर मला पटले. रात्रीचे उत्तर जास्त आवडले. मुक्कामाला सगळ्या गाड्या एका कुंपणात आणून ठेवतात, त्याला 'पार्क फर्मे' म्हणतात. तिथे पहारा असतो आणि आत कुणालाही प्रवेश नाही; मेस्त्रीला नाही, खुद्द चालकालाही ठरल्या वेळेशिवाय नाही. म्हणजे गाडीगणिक एकेक कुलूप काढले आणि सगळ्यांचे मिळून एक लावले. हे पूर्वीच्या खळ्यासारखे झाले. रास उघडी, पण राखणदार जागा.

नगरच्या माणसाला या गोष्टींचे नवल वाटू नये खरे तर. फाळणीनंतर चकलाल्याहून आमच्या गावी आलेली लष्करी वाहनांची संस्था, व्हीआरडीई, इथे रणगाड्यांपासून ट्रकपर्यंत सगळ्यांची परीक्षा घेत आली आहे. तिच्या भिंतीवरून मी हजारदा गेलो असेन. आत काय तपासतात याचा विचार आयुष्यात प्रथमच या खिळीमुळे केला. पुण्याचे संजय टकले २०२५ साली डाकार क्लासिकमध्ये वाळवंटात धावले, तेव्हा नातू मला त्यांच्या बातम्या वाचून दाखवत असे. मी 'हो का' म्हणून कूस बदलत असे.

संध्याकाळी घरी आलो तर मुलगा ओसरीवरच बसला होता. "सांगितलंत का?" मी म्हणालो, "नाही सांगितलं." त्याच्या कपाळावर आठी आली. मी रॅलीची बाजू मांडली नाही, ती मला मांडता येणारही नाही. तिथे पोरे जखमी होतात हे मलाही ठाऊक आहे. मी फक्त दुपारी काय काय पाहिले ते ओळीने सांगितले. खीळ, स्प्रिंग, मोडक्या डोक्यांचे बोल्ट. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पूर्ण काढली? का नुसती घासली?"

"पूर्ण. स्प्रिंगसकट."

पुढच्या रविवारी तो स्वतः गॅरेजमध्ये गेला. मीही सोबत गेलो. नातू जरा बावरला, मेस्त्री उगाचच फडके शोधू लागला. मुलगा जिप्सीत चढून बसला. इंजिन बंद होते, बॅटरीही काढलेली. त्याने चाक एका टोकापर्यंत नेले, मग दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा पहिल्या. इंजिन बंद असताना गाडी जागेवर उभी असली की चाक जड लागते. त्याच्या मनगटाच्या शिरा दिसत होत्या. चार-पाच वेळा त्याने तसे केले. मध्येच एकदा थांबून कान लावला. खट् झाले नाही.

खाली उतरून त्याने हात पुसले. शाबास वगैरे काही म्हणाला नाही. मुलाला विचारले, "आणि रॅली होईपर्यंत रात्री गाडी कुठे लावणार? इथे तर कुंपणही नाही."

नातू म्हणाला, "ते बघायचंय अजून, पप्पा."

आता ती आमच्या अंगणात असते. पुढच्या चाकातून जुनी बैल बांधायची साखळी घालून ती लिंबाच्या बुंध्याला बांधलेली असते, आणि साखळीच्या कुलपाची चावी माझ्याकडे आहे.